फासे, गोष्ट आणि आपली भाषा

(गणेशोत्सवातील 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा छंद ऐकून परवा एका काकांनी विचारले, "अहो, या वयात गेम खेळता?" खेळतो, काका. का, ते सांगतो.

महाभारत लिहायला बसताना आपल्या बाप्पाने व्यासांना अट घातली, की सांगणे थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आधी नियम ठरले, मग गोष्ट सुरू झाली. माझा खेळही असाच आहे. नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कीर्तनकारासारखी गोष्ट सांगतो; बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर होतात. "समोर अंधारी गुहा आहे, काय करता?" उत्तर तुमचे. ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. बंगाली मित्रांना मी सांगतो, गुपी आणि बाघा आठवा. भुतांच्या राजाचे वर घेऊन निघालेली ती जोडी या खेळात अगदी शोभली असती!

मी २००१ साली बदली होऊन कोलकात्यात आलो. चांदनी मार्केटमधून सुटे भाग आणून काँप्युटर जुळवला आणि त्यावर 'बाल्डर्स गेट' खेळलो. १९९८ चा हा गेम याच नियमांवर बेतलेला. नव्या शहरात ओळखीचे कोणी नव्हते. रात्री त्या गेममधले पाच सोबती तेवढे असायचे. पुढे असे संथ, वाचायला लावणारे गेम मागे पडले. मला वाटले, संपले सगळे. पण २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने तिसरा भाग काढला. आळीपाळीने चाल करायची रीत त्यात ठेवली, आणि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान त्यालाच मिळाला. धीराने ऐकायची गोष्ट लोकांना अजून हवी आहे, ही माझी पहिली आशा.

दुसरी आशा पुण्याची. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. त्यात सर्कशीत काम करणारी एक मुलगी असुराने पळवलेल्या भावाला सोडवायला निघते, आणि तिला बळ देते दुर्गा. तो मारामारीचा गेम आहे, माझ्या आवडीचा प्रकार नव्हे. पण ड्रॅगनच्या जागी आपला असुर उभा राहू शकतो, हे त्याने दाखवले. मग सिंहासनबत्तिशीच्या पुतळ्या का नकोत? गडावरचे भुयार का नको?

तिसरी आशा घरची आहे. माझी मुलगी इथेच जन्मली. मराठी समजते, पण उत्तर बंगालीत. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून आई आली होती. आजीला बंगाली येत नाही, नातीला मराठीत बोलायचा संकोच. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. एका रविवारी मी फासे काढले. गोष्ट नातीने सांगायची, वेताळाची. ती म्हणाली, "आजी, चौकट ओलांडू नकोस." आजी भिंतीवरच्या फोटोची चौकट बघू लागली! बंगालीत चौकाठ म्हणजे उंबरठा. "अगं, उंबरठा म्हण, उंबरठा!" त्या दिवशी पोरीने तीन तास मराठीत गोष्ट सांगितली. चुकत, अडखळत, पण थांबली नाही. शब्द अडला की आजी पुरवायची, कारण तिला पुढे काय होते ते हवे होते. रोज "मराठीत बोल" असे सांगून जे मला पंधरा वर्षांत जमले नाही, ते त्या फाशाने केले.

या खेळाचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये खुल्या परवान्याखाली दिले गेले. मूळ स्रोताचा उल्लेख करून कोणीही त्यांचे भाषांतर करू शकतो. तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी मंडळाची एक खोली द्या. फासे मी आणतो, भाषांतर आपण मिळून करू. मुलांनी मुले आणावीत, आणि आजी-आजोबांनी जरूर यावे; शब्द त्यांच्याकडेच आहेत. दोनच मुले आली तरी चालेल. बंगाली, तमिळ सहकाऱ्यांचेही स्वागत आहे. मुलगी दोन-तीन वर्षांत शिकायला बाहेर जाईल, म्हणून मला जरा घाई आहे.

आई आता साताऱ्याला परत गेली. दर रविवारी फोन येतो. पूर्वी विचारायची, "जेवलीस का?" आता आधी विचारते, "वेताळाचं पुढं काय झालं?" आणि नातीला मराठीत उत्तर द्यावे लागते.

गणपती बाप्पा मोरया!