सहा गुंठ्यांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वस्तीसाठी बास्केटबॉलचे चांगले मैदान कोणते, हा विषय अभ्यासवर्गात यावा याचे काहींना नवल वाटेल. महागाई, बेकारी आणि घरांचा तुटवडा यांपुढे तो किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शहरातील जमीन अखेर कोणाच्या उपयोगाला येते, हा प्रश्न किरकोळ नाही. आणि मैदानावर त्याचे उत्तर जितके उघडपणे वाचता येते तितके अन्यत्र क्वचितच येते.

हा खेळच मुळी जागेच्या अडचणीतून जन्माला आला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बाहेर कडाक्याची थंडी, आत लहानशी व्यायामशाळा आणि हाताशी अठरा विद्यार्थी अशा स्थितीत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. थोड्या जागेत पुष्कळांना खेळता यावे, हा या खेळाचा मूळ हेतू आहे.

तो आकड्यांतही दिसतो. पूर्ण आकाराचे कोर्ट २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. चारही बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा सोडली, तर ६०८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे जमीन लागते. फुटबॉलच्या १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर एका खेळाडूच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस मीटर जागा येते. येथे साठ-एकसष्ट मीटरांत भागते. दाट वस्तीला परवडणारा खेळ तो हाच.

मुंबईच्या नागपाड्याने हे सिद्ध केले आहे. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तेथे नागपाडा नेबरहूड हाउस ही संस्था उभी केली. पुढे १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्थाही तेथेच सुरू झाली. त्या गजबजलेल्या मोहल्ल्यात बास्केटबॉल रुजला. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुन्तसिर हे त्याच परिसराचे. नागपाड्याजवळ श्रीमंती नव्हती. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रोज संध्याकाळी उघडी असणारी कोर्टे मात्र होती.

आता मैदानाच्या बांधणीकडे वळू. अंदाजपत्रकात रंगीत कृत्रिम पृष्ठभाग आणि काचेचे बोर्ड यांची किंमत ठळकपणे लिहिलेली असते. खेळणाऱ्याच्या गरजा साध्या असतात. जमीन सपाट, टणक आणि किंचित खरखरीत हवी. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवर चेंडू वाकडा उसळतो व पाय मुरगळतो. घोटीव कोबा दव पडताच निसरडा होतो. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून पृष्ठभागाला एका बाजूकडे शेकडा एक, म्हणजे १५ मीटर रुंदीत १५ सेंटिमीटर इतका सलग उतार पुरतो. गटार मात्र रेषेबाहेर आणि झाकलेले असावे. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली, तर मावळता सूर्य नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. खांब मैदानाच्या शेवटच्या रेषेपासून मागे रोवून बोर्ड आत आणावा, कारण धावत आलेला मुलगा एका क्षणात थांबू शकत नाही. बाजूला एक रिंग २.६० मीटरवर, लहान मुलांसाठी असावी. यांतील एकाही गोष्टीला परदेशी सामान लागत नाही. लागते ते आराखडा काढणाऱ्याने खेळणाऱ्यांना विचारण्याचे सौजन्य.

यानंतरचा प्रश्न वेळेचा. कारखान्यात, दुकानात किंवा घरपोच सामान पोहोचविण्याच्या कामावर असलेला तरुण सूर्यास्तापूर्वी मोकळा होत नाही. ज्या मैदानावर दिवे नाहीत, ते कागदोपत्री सर्वांचे असले तरी व्यवहारात दुपारी रिकामे असणाऱ्यांचेच राहते. आठ तासांच्या कामाची मागणी करताना कामगार चळवळीने उरलेल्या वेळेवरचा हक्कही मागितला होता. तो वेळ घालवायला जागा नसेल, तर त्या हक्काला अर्थ उरत नाही.

संध्याकाळी सहा ते दहा दिवे चालू राहिले आणि प्रत्येक सामना पंधरा मिनिटांचा धरला, तर सोळा सामने होतात. हरलेला संघ बाहेर, जिंकलेला आत आणि वाट पाहणारे पुढचे पाच जण मैदानात, हा जुना रिवाज पाळल्यास पहिले दहा आणि नंतरचे पंच्याहत्तर मिळून पंच्याऐंशी जणांना पाळी मिळू शकते. रिवाज मोडला, तर तेच दहा दांडगे रात्रभर खेळतात आणि बाकीचे कठड्यावर बसून घरी जातात. सिमेंट तेच, दिवे तेच. फरक केवळ नियमाचा. लागोपाठ दोन सामने जिंकणाऱ्यानेही उतरावे, एवढी भर घातली की नवशिक्यालाही आशा राहते.

मुलींचा प्रश्न या हिशेबात वेगळा मांडला पाहिजे, कारण रांगेचा नियम त्यांना आपोआप न्याय देत नाही. ज्या रांगेत उभे राहण्याचीच चोरी, तिच्यात पाळी कशी येणार? मुलींच्या वेळा फलकावर लिहिलेल्या असाव्यात आणि त्या पाळल्या जाव्यात. मैदान रस्त्यावरून दिसणारे असावे. जवळ स्वच्छ शौचालय व पिण्याचे पाणी असावे. संध्याकाळी सात वाजता तेथे मुली निर्धास्तपणे खेळत आहेत की नाहीत, ही चांगल्या मैदानाची सर्वांत कडक कसोटी होय.

मैदाने बिघडतात ती बहुधा बांधून झाल्यावर. भांडवली खर्चाला उद्‍घाटन असते, कोनशिला असते, नगरसेवकाचे नाव असते. फाटलेली जाळी बदलण्याचे उद्‍घाटन कोणी करीत नाही. जाळी, दिवे, झाडलोट आणि वर्षातून एकदा रेषांचा रंग हा खर्च तुलनेने अल्प, पण दरवर्षीचा. त्याची तरतूद नसेल, तर लाखोंचे काम दोन पावसाळ्यांत वाया जाते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे यांची सोय हा नागरी स्वराज्य संस्थांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा ही तरतूद मागणे म्हणजे कोणाकडे याचना करणे नव्हे.

याउलट, देखभाल परवडत नाही असे सांगून मैदान खाजगी संस्थेच्या हाती देण्याचा मार्ग सुचविला जातो. मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या मुंबई महापालिकेच्या धोरणाला नागरिकांनी विरोध केल्यावर २०१६ साली राज्य सरकारला त्यास स्थगिती द्यावी लागली. २०२३ मध्ये नवा मसुदा पुढे आला. संस्था चांगली असेल वा वाईट, फाटकाला कुलूप आणि ताशी भाडे आले की पंच्याऐंशी जणांची पाळी दहा-वीस जणांच्या खिशाशी बांधली जाते. जमीन जनतेची राहते, उपयोग मात्र बदलतो.

परंतु दोष केवळ खाजगी संस्थांना देऊन भागणार नाही. मैदानात मांडवाच्या खांबांसाठी खड्डे खणतात ते लग्नवाले, उत्सवमंडळे आणि राजकीय पक्ष. जाहीर सभेसाठी कोर्टाची फरशी फोडणाऱ्या पक्षाला सार्वजनिक मालमत्तेविषयी बोलण्याचा अधिकार राहत नाही, मग त्याचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो. रात्री तेथे उभ्या राहणाऱ्या मोटारींचे गळते तेल पाहूनही जे गप्प बसतात, त्यांनाही हेच लागू आहे.

प्रत्येक शाखेला यातून चार कामे घेता येतील. १९६६ च्या नगररचना कायद्याखालील विकास आराखड्यात आपल्या प्रभागातील कोणत्या जागा क्रीडांगणासाठी आरक्षित आहेत, त्यांची यादी करावी. त्यांतील प्रत्येक जागी एका संध्याकाळी सहा ते दहा थांबून किती मुलगे, किती मुली आणि किती प्रौढ खेळले याची मोजणी करावी. दिवे व देखभालीची रक्कम पालिकेच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविण्याची मागणी त्या आकड्यांसह करावी. आणि खेळणाऱ्या मुलामुलींची समिती उभी करून पाळीचे व वेळांचे नियम त्यांनाच ठरवू द्यावेत. कार्यकर्त्यांनी समितीत बसण्याची घाई करू नये. सहा गुंठ्यांचा कारभार सोळा वर्षांच्या मुलांना चालविता येतो. तो चालविताना रांग, पाळी आणि दुर्बळाचा वाटा यांचे जे शिक्षण त्यांना मिळेल, ते व्याख्यानांनी मिळणारे नाही.