दुसरे सभागृह कोणासाठी?

(भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राज्याच्या विधिमंडळाला एक सभागृह पुरे की दोन हवीत, हा प्रश्न भंडारेकरांना नवा नाही. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला दोन सभागृहे दिली; मध्यप्रांत व वऱ्हाडला मात्र नागपूरची एकच विधानसभा होती. पुढे घटना समितीत प्रत्येक प्रांताच्या प्रतिनिधींना वेगळे विचारण्यात आले, तेव्हाही आपल्या प्रांताने आसाम व ओरिसाबरोबर दुसऱ्या सभागृहाला नकार दिला. विधान परिषद आपल्या वाट्याला आली ती १९५६ साली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला तेव्हा. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने मध्य प्रदेशासाठीही परिषदेची तरतूद झाली. पण तेथे ती आजतागायत अस्तित्वात आलेली नाही. म्हणून त्या राज्याचे काही अडले, असे कोणी म्हणत नाही.

परिषदेच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद असा की, उतावीळ बहुमताला तिने आवर घालावा. पण घटनेने तिला दिलेले बळ पाहा. विधानसभेने संमत केलेले विधेयक ती पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना अडवू शकते. अर्थविधेयकासाठी तर तिला चौदाच दिवस मिळतात. राज्याचा खरा कारभार पैशातून चालतो हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. आणि त्या पैशावर परिषदेचा अधिकार नाममात्र आहे. शिवाय तिच्या ७८ सदस्यांपैकी ३० जण आमदारच निवडतात. ज्याला आवर घालायचा, त्यानेच आवर घालणारा निवडायचा, असा हा प्रकार आहे.

दुसरा युक्तिवाद गुणवत्तेचा. तो मी हसण्यावारी नेत नाही. परिषदेचे १९६० ते १९७८ या काळातील सभापती वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूरला केलेल्या प्रयोगातून ती योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खुद्द आपल्या जिल्ह्याचेही उदाहरण आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने अशोक मेहतांना निवडून दिले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पराभूत केले. बाबासाहेब अखेरपर्यंत संसदेत राहिले ते राज्यसभेमुळे. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु राज्यसभेचा आधार संघराज्य हा आहे. ती राज्यांची सभा आहे. विधान परिषद जिल्ह्यांची सभा नाही. मग ती कोणाची आहे?

उत्तर तिच्या रचनेत आहे. २२ जागा स्थानिक संस्थांच्या, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या, १२ राज्यपालनियुक्त. मी जन्मभर शिक्षक होतो. पदवीधर मतदार म्हणूनही माझे नाव यादीत असे. पण तेंदूच्या पानात तंबाखू भरून दिवसभर बिडी वळणाऱ्या बाईला एक मत आणि मला दोन-तीन, हे कोणत्या समतेत बसते? माजी मालगुजारी तलावांवर जगणारा धीवर, धानाच्या बांधीत चिखलणी करणारा मजूर, आंधळगावचा कोसा विणकर, यांच्यासाठी एकही जागा राखलेली नाही. पदवी हे ज्ञानाचे प्रमाणपत्र असेल. ते अधिक नागरिकत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

व्यवहारात काय घडते तेही पाहिले पाहिजे. २०२० च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने सुचवलेली १२ नावे राजभवनात पडून राहिली. पहिल्या ७ नियुक्त्या झाल्या त्या २०२४ च्या ऑक्टोबरात, वेगळ्या सरकारच्या शिफारशीने. स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले आणि त्या संस्थांनी निवडायच्या अनेक जागाही २०२२ पासून रिकाम्या राहिल्या. एवढा काळ अपूर्ण परिषदेवर राज्य चालले आणि सामान्य माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही. आंध्रने परिषद १९८५ मध्ये मोडली, २००७ मध्ये पुन्हा उभारली, २०२० मध्ये ती मोडण्याचा ठराव केला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, तमिळनाडूने १९८६ मध्ये ती बंद केली. केरळात ती कधीच नव्हती. तरी कुळांच्या हक्काचा सर्वांत धीट कायदा तेथेच झाला.

माझे मत स्पष्ट आहे: महाराष्ट्राला एक सभागृह पुरे आहे. मात्र नुसती परिषद मोडून लोकशाही वाढणार नाही. विधेयक मांडण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावे, समितीने जिल्ह्यात येऊन लोकांचे म्हणणे ऐकावे, आणि जमीन, जंगल, पाणी यांविषयीचे कायदे ग्रामसभांपुढे ठेवावेत. उतावळेपणाला खरा आवर तेथेच बसेल.

आणि परिषद ठेवायचीच असेल, तर तिची रचना तरी बदला. त्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. संसदेला साध्या कायद्याने ती बदलता येते, असे १७१ वे कलमच सांगते. पदवीधर व शिक्षकांच्या १४ जागा असंघटित श्रमिकांना द्या. ज्या दिवशी बिडी कामगार स्त्री त्या सभागृहात उभी राहून मंत्र्याला मजुरीचा जाब विचारील, त्या दिवशी दुसऱ्या सभागृहाविरुद्धचा माझा आक्षेप मी आनंदाने मागे घेईन.