ऊब राखावी, हवा बदलावी



घरात माणसे श्वास घेतात, अन्न शिजते, ओले कपडे वाळतात. या क्रियांतून बाष्प, वास व कार्बन डायॉक्साइड हवेत मिसळतात. आपल्याकडे खिडकी उघडली की बहुधा हा प्रश्न सुटतो. परंतु जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे उघडी खिडकी म्हणजे पैसे मोजून मिळविलेली ऊब अंगणात ओतून देणे होय. या पेचावर थंड देशांनी काढलेला तोडगा आणि त्यापासून आपण घ्यावयाचा बोध, हा आजचा विषय आहे.

काटकसरीचा दुष्परिणाम

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले. युरोप व उत्तर अमेरिकेत इंधन वाचविण्यासाठी घरांच्या फटी बुजविल्या गेल्या, भिंतींत उष्णतारोधक थर भरले गेले. इंधन वाचले, पण ओल घरातच कोंडली. भिंतींवर बुरशी धरली. प्लायवूडसारख्या वस्तूंतून निघणारा फॉर्मल्डिहाइड आणि काही भागांत जमिनीतून येणारा रेडॉन वायू खोल्यांत साठू लागला. इंधनातील बचतीची भरपाई रहिवाशांच्या फुप्फुसांना करावी लागावी, हे इष्ट नव्हते.

रेजायना येथील घर

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहरी, १९७७ साली ‘सस्कॅचेवान काँझर्व्हेशन हाउस’ हे प्रायोगिक घर उभे राहिले. जाड उष्णतारोधक भिंती, जवळजवळ हवाबंद बांधणी आणि हवा बदलण्यासाठी उष्णता-विनिमयक, ही त्याची वैशिष्ट्ये.

विनिमयकाचे तत्त्व सोपे आहे. बाहेर जाणारी उबदार, दूषित हवा आणि आत येणारी थंड, ताजी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांना वाहते. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. उष्णता तेवढी पडदा ओलांडते. हवा खेळविण्यास लहान पंखे पुरतात.

समजा, घरात २० अंश सेल्सिअस व बाहेर उणे २० अंश तापमान आहे. ताशी १०० घनमीटर ताजी हवा घ्यावयाची, तर ती तापविण्यास सुमारे १,३६० वॅट लागतात. विनिमयकाने तीन चतुर्थांश उष्णता परत मिळविली, तर ही हवा अधिक १० अंशांवर येऊन खोलीत शिरते. उरलेल्या कामास सुमारे ३४० वॅट पुरतात.

पुढे जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने एका ओळीतील चार घरे याच विचाराने बांधली गेली. त्यांतून रूढ झालेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ मानकात खोल्या तापविण्यासाठी वर्षाकाठी दर चौरस मीटरला १५ किलोवॅट-तास ही मर्यादा आहे.

मात्र यंत्र बसविले की काम संपले, असे नाही. गाळण्या वेळच्या वेळी स्वच्छ कराव्या लागतात. कडाक्याच्या थंडीत बाहेर जाणाऱ्या हवेतील बाष्प आतच गोठते. ते वितळविण्याची सोय लागते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील बहुतेक घरांना या यंत्राची गरज नाही. समोरासमोरच्या खिडक्या, जाळ्या व उंचावरील झरोके हे काम बिनखर्चात करतात. पण वातानुकूलित कार्यालये, संगणक-कक्ष आणि सभागृहे यांत तोच पेच उलट रूपाने उभा राहतो. गारवा वाया जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या बंद होतात आणि पन्नास माणसे तीच ती हवा घेत बसतात. तेथे विनिमयक गारवा राखू शकतो. दमट किनारपट्टीत बाष्पही अडविणारा प्रकार अधिक उपयुक्त ठरतो. जेथे आजही लाकडाची चूल पेटते, तेथे मात्र पहिला मान धुराड्याचा.

शाळा, अंगणवाडी वा पंचायतीच्या इमारतीचा नकाशा समोर येईल तेव्हा खोल्यांची संख्या व खर्च आपण पाहालच. त्याबरोबर हवा कोठून येणार आणि कोठून जाणार, हेही अवश्य विचारावे. नकाशा कागदावर असेतो खिडकीची जागा बदलण्यास पेन्सिलीची एक रेघ पुरते. भिंत उभी राहिल्यावर ती फोडावी लागते.