रहस्यकथा आणि घरचे गुपित

रहस्यकथेला मराठी वाङ्मयाच्या दिवाणखान्यात मानाचे आसन सहसा मिळाले नाही. टीकाकारांनी तिला ओसरीवर थांबवले; वाचकांनी मात्र तिला थेट माजघरात नेले. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) यांच्या कादंबऱ्या एका पिढीने आवडीने वाचल्या. पुढे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून झुंजार आणि काळापहाड ही नावे शाळकरी मुलांच्या तोंडी बसवली, आणि गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनी तोच वसा पुढे चालवला. अशा कथांकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. परंतु त्यांच्या पोटात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला असतो: घरातली कोणती गोष्ट घरातच राहावी, आणि कोणती चव्हाट्यावर यावी?

रहस्यकथेतला खून रस्त्यावर झालेला असला, तरी त्याचे मूळ बहुधा घरात सापडते. दत्तकाचा वाद, वाटणीतला अन्याय, बदललेले मृत्युपत्र, लपवलेला पहिला विवाह, ही ह्या कथांची नेहमीची सामग्री होय. दातारशास्त्र्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘बंधुद्वेष’ असे आहे. वऱ्हाडातील वाचकाला ही सामग्री परकी वाटण्याचे कारण नाही. येथे जमीन काळी आणि कसदार, आणि जेथे जमीन चांगली तेथे भाऊबंदकीही चांगलीच पोसली जाते! अमरावती आणि अकोला येथील दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे चालणारे वाटणीचे दावे ज्याने पाहिले आहेत, त्याला कुटुंबाच्या गुपिताचे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागत नाही.

ह्या जुन्या सामग्रीत आता एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी. पूर्वी मनुष्य काही करून दाखवी, आणि मग प्रसिद्ध होई. आता केवळ राहून दाखवूनही प्रसिद्ध होता येते. १९९९ साली नेदरलँडमध्ये ‘बिग ब्रदर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. काही अनोळखी माणसे एका घरात कोंडावयाची, त्यांच्यावर अहोरात्र कॅमेरे रोखावयाचे, आणि त्यांचे रुसवेफुगवे लोकांना दाखवावयाचे, अशी त्याची योजना होती. हे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या कादंबरीतून घेतलेले. त्या कादंबरीत अखंड पाळत ही मनुष्याला चिरडणारी शिक्षा होती. पन्नास वर्षांनी तीच पाळत बक्षिसाच्या आशेने लोक आपण होऊन मागू लागले. हिंदीत ‘बिग बॉस’ २००६ साली आला, मराठीत २०१८ साली.

ह्या प्रसिद्धीचा स्पर्श अमरावती जिल्ह्याला एकाच वर्षी, किंबहुना एकाच महिन्यात, दोनदा झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये अमरावतीचे शिव ठाकरे मराठी ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वाचे विजेते ठरले. त्याच महिन्यात अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी आणि त्यासाठी महिना दीड हजार रुपये मिळवणारी ही गृहिणी आपल्या वाचनाच्या आणि स्मरणाच्या बळावर तेथवर पोहोचली, ह्याचा साऱ्या वऱ्हाडाला अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. दोघांचेही यश निर्मळ आहे. परंतु अशा प्रत्येक कार्यक्रमात स्पर्धकाबरोबर त्याचे घरही मंचावर येते, एवढे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रश्नमंजूषेपूर्वी स्पर्धकाच्या संसाराची छोटीशी चित्रफीत दाखवतात. २०२३ साली हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात शिव ठाकरे यांच्या मातोश्री त्या घरात आल्या, आणि प्रेक्षकांचे डोळे पाणावले. नाव एकाला मिळते. पाहिले जाते सगळे कुटुंब. ज्या घरात सांगण्याजोगे सुख आणि अभिमानाचे कष्ट आहेत, त्या घराचे ह्यात काही बिघडत नाही. पण ज्या घरात झाकलेली जखम असेल, त्याचे काय? रहस्यकथाकाराचे काम नेमके येथे सुरू होते.

इंग्रज लेखक बेन एल्टन यांनी २००१ साली ‘डेड फेमस’ ही कादंबरी लिहिली. तीत अशाच एका कार्यक्रमाचे घर आहे. दहा स्पर्धक, तीस कॅमेरे, चाळीस ध्वनिग्राहक, आणि ह्या सगळ्यांच्या देखत एक खून! वरवर पाहता येथे रहस्याला जागाच उरू नये. तरीही कोल्रिज नावाच्या जुन्या वळणाच्या पोलिस अधिकाऱ्याला चित्रफितींच्या ढिगाऱ्यापुढे बसून डोके खाजवावे लागते. खुनी कोण, हे येथे सांगणे म्हणजे रहस्यकथेच्या वाचकाशी बेइमानी होईल. पण त्या अधिकाऱ्याची अडचण मोठी बोधप्रद आहे. घरात चोवीस तास चित्रण होते. प्रेक्षकाला दिसतो तो त्यातला तासाभराचा भाग. कोणाचे हसू ठेवावयाचे आणि कोणाचे अश्रू कापावयाचे, हे संकलकाच्या खोलीत ठरते. कोणी भांडखोर ठरतो, कोणी भोळा, आणि हे ठरवणारा मात्र पडद्यावर कधीच येत नाही.

गुप्तहेर आणि संकलक हे दोघेही एकाच धंद्यातले म्हणावे लागतील. दोघांसमोर शेकडो गोष्टी पसरलेल्या असतात, आणि दोघेही त्यांतून थोड्या वेचतात. परंतु गुप्तहेर वेचतो तो सत्य सापडावे म्हणून. संकलक वेचतो तो प्रेक्षक खिळून राहावा म्हणून. चांगला गुप्तहेर तपासाच्या ओघात घरातली दहा गुपिते पाहतो, आणि गुन्ह्याशी संबंध असलेले एकच उघड करतो. उरलेली नऊ तो गिळून टाकतो. संकलकाला असा संयम परवडत नाही. उरलेली नऊच त्याच्या उपयोगाची असतात.

ह्या संयमाचे उत्तम उदाहरण आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९३ सालच्या ‘पिवळा चेहरा’ ह्या कथेत आहे. एका गृहस्थाला आपल्या पत्नीच्या वागण्याचा संशय येतो, आणि शेरलॉक होम्स तर्काने मोठा गुन्हा कल्पितो. अखेरीस निघते ते असे की, त्या बाईने पहिल्या पतीपासून झालेली, कृष्णवर्णीय वडिलांची आपली मुलगी लोकलज्जेस्तव लपवून ठेवली होती. गुन्हा असा कोणताच नव्हता. तो गृहस्थ त्या मुलीला उचलून तिचा मुका घेतो, आणि होम्स आपला तर्क चुकला हे जाणून मुकाट्याने तेथून निघून जातो. कल्पना करावी की त्या खोलीत होम्सच्या जागी कॅमेरा असता. मुलीचा मुका तर दिसलाच असता. पण पुढे आठ दिवस तिच्या वर्णाची, तिच्या वडिलांची आणि आईच्या अब्रूची घरोघर चर्चा झाली असती.

अशी चर्चा करावयास दूरचित्रवाणीच लागते असेही नाही. १९५९ साली मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या मित्रावर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू घेऊन असे रान उठवले की तो अंक चढ्या भावाने विकला जाऊ लागला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ साली त्यांना माफी मिळाली. कायद्याचा प्रश्न पुराव्याने सुटला. पण त्या घरातली पत्नी आणि लहान मुले यांच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी त्यांनी मागितलेली नव्हती.

ह्या विषयावर वऱ्हाडची अस्सल रहस्यकथा लिहावयाची झाल्यास तिला वाडा किंवा भुयार नको. सात-बाराचा उतारा पुरेसा आहे. समजा, अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातली मुलगी गाण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचते. तिचे वडील काही वर्षांपूर्वी विहिरीत मृत सापडले होते. कर्जापायी जीव दिला, असे गावाने मानले. सरकारी समितीनेही प्रकरण पात्र ठरवून एक लाख रुपयांची मदत दिली. कार्यक्रमाची मंडळी चित्रीकरणासाठी गावात येतात, आणि तिची आत्या त्यांच्या संमतिपत्रावर ठसठशीत अक्षरांत सही करते. हे दृश्य अकोल्यातला एक निवृत्त कारकून घरी बसून पाहतो, आणि चमकतो. कारण ह्याच बाईच्या हक्कसोड पत्रावर त्याने ‘निशाणी डावा अंगठा’ पाहिलेली असते. जी बाई सही करते, तिचा अंगठा कोणी लावला? हा बनाव मुलीच्या वडिलांना कळला होता काय? आणि ते विहिरीत पडले, की त्यांना पाडले गेले? तपास काकाच्या दारापर्यंत जातो.

पण ह्याच तपासात आणखी एक गोष्ट उघडकीस येते: ती मुलगी आईच्या पहिल्या विवाहाची असून वडिलांनी तिला आपली म्हणूनच वाढवलेली आहे. कार्यक्रमाच्या मंडळींना हे कळले, तर अंतिम फेरीच्या रात्री सांगण्यासाठी ह्याहून सुरस कथा कोणती? कथेचा खरा कस येथे लागेल. बनावट अंगठा उघडा पडलाच पाहिजे. तो झाकला तर मृताला न्याय नाही आणि आत्याला तिची जमीन नाही. पण मुलीचा जन्म कोणाच्या पोटी आणि कोणाच्या घरी, हे सांगण्याचा अधिकार त्या मायलेकींखेरीज कोणालाही नाही. ही दोन गुपिते ज्या लेखकाला निरनिराळी ठेवता आली, त्याने रहस्यकथेचे सार्थक केले असे म्हणता येईल.

खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. परंतु न्यायालय प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर पहारा देऊ शकत नाही. तेथे माणसाचा विवेकच पहारेकरी. अन्याय झाकणारे गुपित आणि दुःख झाकणारे गुपित ही बाहेरून सारखीच दिसतात. दोन्हींवर कडी लावलेली असते. पहिले फोडणे हे कर्तव्य, दुसरे फोडणे हे क्रौर्य.

म्हणून दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या श्रोत्यांनी दुसऱ्याच्या घरातली एखादी गोष्ट उघडी होत असताना मनाशी एवढेच विचारावे: ही गोष्ट कळल्याने कोणाला न्याय मिळणार आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर अवश्य ऐकावे, आणि प्रसंगी साक्षही द्यावी. उत्तर नकारार्थी असेल, तर ती गोष्ट आपल्यासाठी नव्हती असे समजावे, आणि निदान दुसऱ्या दिवशी ती शेजारी सांगू नये.