शुश्रूषा हेही ज्ञानच
(परिचारिका आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)



'म्हाताऱ्या माणसांचं करणं' या तीन शब्दांत आपण केवढं काम लपवतो! कूस बदलणं, जखम धुणं, लघवीच्या नळीची काळजी, वेळेवर औषध, रात्रीचं जागरण. हे बाईच्या स्वभावातच असतं असं एकदा ठरवलं, की ते शिकवावं लागत नाही आणि त्याचा मोबदलाही द्यावा लागत नाही. घरातल्या सुनेचे फुकटचे श्रम आणि नर्सचा तुटपुंजा पगार, दोन्हींचं मूळ एकच आहे.

मी दुर्धर आजाराच्या रुग्णांच्या घरी जाते, तेव्हा बरोबर सिस्टर असते. उपशामक शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, बरीचशी तिच्याच हातांवर चालते. दुखणं केव्हा वाढतं, मॉर्फिन सुरू केल्यावर पोट साफ होतं का, हे ती पाहते, वहीत लिहिते. संशोधनाचा कच्चा माल तिचा. निबंधावर नाव मात्र सहसा दुसऱ्याचं.

डॉ. सिसिली साँडर्स मूळच्या नर्स. पाठीच्या दुखण्यामुळे त्या रुग्णालयात समाजकार्यकर्त्या झाल्या. मरणासन्न रुग्णांसाठी काम करायचं तर आधी डॉक्टर व्हा, असा सल्ला त्यांना मिळाला आणि १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या. दुखण्याची वाट न पाहता ठरावीक वेळांनी मॉर्फिन देण्याची पद्धत त्यांनी लंडनच्या एका शुश्रूषागृहात स्वयंसेवक नर्स म्हणून पाहिली होती. पुढे शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवून त्यांनी तिचा अभ्यास केला. १९६७ मध्ये त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. माझा प्रश्न एवढाच: नर्सचं म्हणणं ऐकलं जावं म्हणून तिला डॉक्टर का व्हावं लागतं?

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन उभं राहिलं. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं १० कोटींवर होती, त्यांत बाया अधिक. सरकारने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आणला, उपशामक शुश्रूषेचा २०१२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान २०,००० रुपये पगाराची शिफारस केली. ब्युरोमार्फत बारा तासांच्या पाळीने घरोघर जाणारी बाई मात्र त्या शिफारशीबाहेरच राहिली.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात: वृद्धांच्या आणि उपशामक शुश्रूषेचं विशेष शिक्षण घेतलेल्या सिस्टरला वेगळं पद आणि वेतनश्रेणी मिळावी, तिची बदली भलत्याच वॉर्डात होऊ नये. संशोधनाला कामाच्या तासांतूनच वेळ मिळावा आणि निबंधावर तिचं नाव असावं. ब्युरोच्या बाईला किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी मिळावी. घरी करणाऱ्या बाईलाही विसावा मिळेल अशी सोय सरकारी कार्यक्रमात असावी.

नर्सेसच्या संघटना पगारासाठी रस्त्यावर येतात तेव्हा आपण कितीजणी त्यांच्या सोबत असतो? उद्या आपलं म्हातारपण त्यांच्याच हातात आहे. हा लढा आपलाही आहे.