चऱ्हाट आणि ‘यार्न’

आपला यवतमाळ कापसाचा जिल्हा. इथला कापूस एके काळी शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा. त्यामुळे ‘टु स्पिन अ यार्न’ हा वाक्प्रचार वर्गात आला, की पोरांना यार्न म्हणजे सूत हे सांगावे लागत नसे. पण सूत कातणे म्हणजे गोष्ट सांगणे कसे? हे इंग्रज खलाशांचे बोलणे, १९व्या शतकाच्या सुरुवातीचे. जहाजावर दोराचे धागे वळत बसलेले खलाशी वेळ जावा म्हणून लांबलचक गोष्टी सांगत, असे त्याचे मूळ सांगतात.

आपल्याकडे चऱ्हाट आहेच. जाडाभरडा दोर म्हणजे चऱ्हाट, आणि न संपणारे बोलणे म्हणजेही चऱ्हाट. ही जोडी सापडली म्हणून मी फार खूश होतो.

२००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसाठी जिल्ह्यात बाहेरचे पत्रकार सारखे येत. अशाच एका इंग्रजी पत्रकाराबरोबर दुभाषा म्हणून मी एका गावी गेलो. घरधनी गेलेली बाई ओट्यावर बसली होती. “कसं झालं, ताई?” मी विचारले. ती म्हणाली, “काय सांगू गुरुजी, लय मोठं चऱ्हाट हाये ते.” मी हौसेने सांगून टाकले, “इट्स अ लाँग यार्न.”

पत्रकाराने चमकून विचारले, “म्हणजे रचून सांगणार आहे?”

चऱ्हाट ऐकणाऱ्याला कंटाळा येईल, पण त्यात खोटेपणा नसतो. ‘यार्न’ मात्र थोडे तरी रंगवलेले, बनवलेले असणार, असे इंग्रजी कान धरून चालतो. आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे सरकारी समिती ठरवायची. पात्र ठरली तरच १ लाख रुपयांची मदत. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा, सारे पटवून द्यायचे त्या बाईने. आणि तिचे पहिलेच वाक्य मी बनावट करून ठेवले होते!

“नाही, नाही. सांगायला वेळ लागेल, एवढंच म्हणते ती,” मी घाईने म्हणालो. तो खाली बसला. बाई दीड तास बोलली. सोसायटीचे कर्ज, दुबार पेरणी, विकलेली बैलजोडी. मध्येच उठून तिने चहा ठेवला.

पुढे निवृत्तीपर्यंत मी पोरांना सांगत असे, ‘कॉक अँड बुल स्टोरी’पुढे भाकडकथा बिनधास्त लिहा. भाकड गाय काय, बैल काय, दूध कोणीच देत नाही. ‘यार्न’पुढे मात्र ‘रंगवून सांगितलेली गोष्ट’ असेच लिहायला लावी. एखादे पोर विचारायचेच, “पण गुरुजी, चऱ्हाट का नाही चालत?” मग त्या ओट्यावरची हकिकत सांगावी लागे, आणि तो तास त्यातच जाई.