नाडी थांबली, हृदय नाही

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त यवतमाळ येथे केलेल्या भाषणाचा सारांश)

 

‘मन आणि हृदय’ हा विषय मला दिला आहे. आपण म्हणतो, छातीत धस्स झालं, त्यानं धसका घेतला. म्हणजे हे नातं आपल्या आयाबायांना आधीपासून ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि तपासून पाहणं वेगळं.

तपासण्याचं काम महाराष्ट्रात लवकर सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजायला घेतल्या. पुढे १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई यंत्र घेऊन भारतात आल्या. योगी हृदय बंद पाडतात म्हणे, ते खरं का, हे त्यांना पाहायचं होतं.

१९५७ साली अमेरिकेतून वेंगर आणि मूळचे बंगालचे बागची आले. दिल्लीच्या एम्सचे डॉ. बी. के. आनंद त्यांच्यासोबत होते. त्यांचा लेख १९६१ साली छापून आला. काय आढळलं? योगी श्वास कोंडून, स्नायू आवळून जोर लावत. त्यानं छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मनगटाची नाडी लागत नाही, ठोके कानाला ऐकू येत नाहीत. पण ई.सी.जी.ची रेघ चालूच होती! हृदय थांबलंच नव्हतं. एकानं मात्र ठोके खरोखर मंद करून दाखवले.

बंधू-भगिनींनो, परंपरेनं सांगितलं किंवा मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, अशी शिकवण बुद्धांनी कालामांना दिली. त्या तिघांनी तेच केलं. चमत्कार गळाला, सत्य उरलं.

ते सत्यही लहान नाही. मेंदूपासून हृदयापर्यंत व्हेगस नावाची नस जाते. ती ठोक्यांना लगाम घालते. श्वास आत घेताना लगाम ढिला होतो, सोडताना घट्ट होतो. आता मनगटावर बोटं ठेवा, सावकाश श्वास सोडा. पुष्कळांना ठोका मंदावलेला कळेल. याच नसेतले बहुतेक तंतू तर उलट, शरीराची खबर वर मेंदूला नेतात. आनापानानं मन निवतं, त्याला असा शरीराचाही आधार आहे.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या भावानं ध्यान सुरू केलं. बरं वाटू लागलं, म्हणून डॉक्टरांना न विचारता बी.पी.ची गोळी बंद केली. बी.पी. वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. काही महिन्यांनी अर्धांगवायू झाला. आज दादा काठी घेऊन चालतात. मला त्या गोळीबद्दल माहीत होतं, पण मी बोललो नाही. म्हणून आज इथं बोलतो आहे.

ध्यान करा, रोज करा. पण गोळी आपल्या मनानं सोडू नका. छातीत दाटलं, हात किंवा जबडा दुखला, दरदरून घाम सुटला, तर गॅस म्हणून घरी बसू नका. बायांनो, तुम्ही तर मुळीच नका. स्वयंपाक राहू द्या, १०८ ला फोन लावा.

मनाला जपा आणि शरीर तपासून घ्या. एवढं बोलून थांबतो. नमो बुद्धाय! जयभीम!